मगदुमी हनुवटी

मगदुमांच्या घरातला माणूस दारात पोचायच्या आधी त्याची हनुवटी पोचते, असं सांगलीत गमतीनं म्हणत. गंमत करणाऱ्यांचं काय जातंय! ज्याची हनुवटी असते त्याला विचारा. श्रेणिक मगदूमला शाळेत ‘फावडं’ म्हणत. स्नेहसंमेलनात दरवर्षी राक्षसाचं काम त्यालाच, आणि रंगभूषेच्या बाई “ह्याला काही करायला नको, आहे तसाच उभा करा” म्हणून हसायच्या. सगळ्यांबरोबर तोही हसायचा. पुढे तो दातांचा डॉक्टर झाला, त्यातही वाढत्या मुलांचे जबडे वळणावर आणणारा डॉक्टर, तेव्हा थोरला भाऊ भरतेश म्हणाला, “चला, घरातल्या फावड्यांची काळजी मिटली.”

भरतेश हे थट्टेनं म्हणाला, पण श्रेणिकनं मनावर घेतलं.

खालच्या जबड्याची गोष्ट अशी आहे, की तो हनुवटीपाशी वाढत नाही, कानापाशी वाढतो. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडमिट केलं की जे हलतं, त्या सांध्यात. वयात येताना पोरं उंचीनं वाढतात तसा तोही झपाट्यानं वाढतो, आणि मगदुमांसारख्या घरात एकदा सुटला की थांबायचं नाव घेत नाही. पूर्वी हनुवटीला वाटी लावून ती रबरी पट्ट्यांनी डोक्याला मागे बांधत. पोरं ती रात्री काढून पलंगाखाली टाकत, आणि मग मोठेपणी हाड कापायची पाळी येई. श्रेणिकनं पुण्यातल्या एका कंपनीबरोबर जे यंत्र काढलं त्यात वाटी नव्हती, रबर नव्हतं. झोपताना वरच्या आणि खालच्या दातांवर एकेक पारदर्शक पट्टी बसवायची. त्यांच्यातले बारीक चुंबक खालचा जबडा मागे धरून ठेवत. कानापुढे दोन टिकल्या चिकटवायच्या. त्यांच्यातून निघणाऱ्या, कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी सांध्यातल्या वाढत्या पेशींना जरा दमानं घ्यायला लावत. यंत्राचं नाव ठेवलं ‘संयम’. जैनाच्या घरचं यंत्र, दुसरं काय नाव ठेवणार!

त्यातली एक करामत श्रेणिकच्या स्वतःच्या डोक्यातून आलेली होती. झोपेत मूल जबडा पुढे ढकलू लागलं की यंत्राला ते कळायचं, आणि ते ओढ थोडी वाढवायचं. मूल जितका हट्ट करील, तितकं यंत्र घट्ट धरील. कुणी वर उभं राहून ओरडायला नको, की रबर ताणायला नको. या कल्पनेसाठी त्याला दिल्लीत शाल-श्रीफळ मिळालं होतं, आणि त्या दिवशी तो राक्षसाचं काम विसरला होता.

भरतेशला जुळ्या मुली, समता आणि ऋजुता. दोघी एका साच्यातून काढल्यासारख्या. अकराव्या वर्षी दोघींच्या हनुवट्या पुढे निघाल्या तशी वहिनी त्यांना घेऊन दवाखान्यात आली. “भावजी, पोरींची जात आहे. आत्ताच काय ते बघा.” श्रेणिकनं स्कॅनरची कांडी ऋजुताच्या तोंडात घातली, आणि त्या कार्टीनं त्याचं बोट असं कडकडून चावलं की तो टुणकन उडाला. पुन्हा म्हणून ती खुर्चीत बसली नाही. समता मात्र आपण होऊन चढून बसली. “तिचं सोड काका,” ती म्हणाली, “माझं कर.”

आता शास्त्रज्ञाला आणखी काय हवं? एक यंत्र लावलेली, एक न लावलेली, बाकी सगळं एकसारखं. तीन वर्षांत समताची हनुवटी अशी देखणी बसली की लग्नाकार्यात बायका तिला जवळ ओढून बघायच्या. ऋजुताची मात्र अस्सल मगदुमी राहिली. दोघींचे बाजूनं काढलेले फोटो शेजारीशेजारी लावून श्रेणिक गावोगावच्या सभांमध्ये दाखवायचा. पडद्यावर फोटो आला की टाळ्या पडायच्या. संयम लावलेली मुलं शेकड्यांनी झाली, आणि कंपनीतले लोक त्याला ‘सर’ म्हणायला लागले.

घरात मात्र दोन्ही मुलींना दोन नावं पडली होती. ऋजुता हुशार आणि समता दिसायला छान. आधी असं नव्हतं. पाचवीपर्यंत दोघी पाढ्यांत, गाण्यात, भांडणात बरोबरीनं असायच्या. मग समता मागे पडत गेली. पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी आठवेना. साध्या बोलण्यावर रडू यायला लागलं, नाहीतर वसकन अंगावर यायची. शाळेत वर्गावर्गात कॅमेरे बसले होते, ते कोण फळ्याकडे बघतंय, कोण डुलक्या घेतंय हे टिपून संध्याकाळी पालकांना कळवायचे. समताच्या नावावर रोज डुलक्या. यंत्रानंच सांगितलं म्हटल्यावर कोण शंका घेणार? भरतेश ओरडून दमला. वहिनी तर चारचौघांत सरळ म्हणायची, “एकीला देवानं डोकं दिलं नि दुसरीला तोंड. चालायचंच.” समता तिथंच उभी असायची.

श्रेणिक तिला कधी ओरडला नाही. तो प्रेमानं समजवायचा, आणि पुढे त्याला त्याचंच जास्त लागलं. “अगं, जरा मन लाव. झोपाळूपणा करून कसं चालेल?” असं तिच्या पाठीवर हात फिरवत तो म्हणायचा, आणि मग तिची मान एका बाजूला वळवून हनुवटी बघायचा.

चौदावं लागलं त्या उन्हाळ्यात ऋजुताची हैदराबादच्या एका निवासी विज्ञानशाळेत निवड झाली. घरात पेढे आले, फोन सुरू झाले, आणि ऋजुतानं जाहीर केलं की मी जाणार नाही. का, तर नाही जायचं. भरतेशनं समजावलं, आवाज चढवला, शेवटी हात टेकले. वहिनीनं श्रेणिकला निरोप धाडला. “तुमचं ऐकते ती. काय खूळ शिरलंय बघा तिच्या डोक्यात.”

श्रेणिक तिला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेला. भडंगाचा पुडा मध्ये ठेवून दोघं पायरीवर बसली. पाणी उतरलेलं होतं, पलीकडे म्हशी डुंबत होत्या.

“खरं सांग,” तो म्हणाला, “कुणी पोरगं-बिरगं आहे का?”

“शी, काका! काहीपण काय!”

“मग आईला सोडून राहायची भीती वाटते?”

ऋजुतानं भडंगातले शेंगदाणे वेचून खाल्ले. मग म्हणाली, “मी गेले तर रात्री समीला कोण हलवणार?”

“हलवणार म्हणजे?”

“हलवणार म्हणजे हलवणार. ती झोपेत मध्येच गप्प होते ना. मग मी पायानं ढोसते, की ती खर्रकन श्वास घेते आणि परत झोपते. परीक्षेच्या वेळी आईनं मला वरच्या खोलीत झोपायला सांगितलं, तेव्हा मी गुपचूप खाली येत होते. आईला वाटलं मला एकटीला भीती वाटते.”

श्रेणिकचा हात पुड्यातच राहिला. “हे रोज होतं?”

“रोजच की. आधी कमी व्हायचं, आता फार होतं. मला वाटायचं जुळ्यांचं असंच असतं.” तिनं त्याच्याकडे बघितलं. “तू डॉक्टर आहेस की. तुला माहीत नाही?”

“बघतो मी,” एवढं कसंबसं म्हणून तो उठला. तिला घरी सोडून तो थेट दवाखान्यात गेला, मदतनीस मुलीला घरी पाठवलं आणि संगणक उघडला.

सभांमध्ये दाखवायचे ते दोन फोटो त्यानं काढले. पेशंटचा फोटो बाहेर दाखवायचा तर ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी ओढायची, हा या धंद्यातला शिरस्ता. नियम चांगलाच आहे. समोरूनचे, बाजूचे, प्रत्येक भेटीचे फोटो आले की पहिलं काम पट्टी ओढायचं, आणि ते श्रेणिक स्वतःच्या हातानं करायचा. पट्टीच्या खाली त्याला हवं ते सगळं असायचं: ओठ, दात, हनुवटी, गळ्याची रेघ. आज त्यानं दोघींचे समोरूनचे मूळ फोटो उघडले, पट्टी नसलेले.

समताच्या डोळ्यांखाली जांभळी वर्तुळं होती. पहिल्या वर्षी फिकट, दुसऱ्या वर्षी गडद, आणि तिसऱ्या वर्षी पापण्या अर्ध्यावर आलेल्या. चौदा वर्षांच्या पोरीचे डोळे असे नसतात. तिच्या शेजारी ऋजुता टक्क बघत होती, आता चावेल की मग अशी. इतक्या सभा झाल्या, इतक्या टाळ्या पडल्या, आणि हे त्यानं स्वतःच्या हातानं झाकून दाखवलं होतं. बरं, फोटोतलं झाकलं होतं म्हणावं तर ती पोर दर रविवारी समोर बसून त्याला वरणभात वाढत होती की!

त्यानं खुर्ची मागे सारली. पुढचं समजायला त्याला पुस्तक उघडायची गरज नव्हती. जीभ खालच्या जबड्याला बांधलेली असते. जबडा मागे धरला म्हणून जीभ लहान होत नाही, ती मागे सरकते, आणि तिच्या मागे श्वासाची वाट असते. जागेपणी स्नायू ती वाट ताणून उघडी ठेवतात. झोप लागली की स्नायू सैलावतात, उताणं झोपलं की जीभ गळ्यात उतरते आणि वाट बंद होते. छाती हलते, हवा आत जात नाही. मग मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, श्वास ओढतो आणि परत झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. आठवतो तो फक्त थकवा. ज्या गाढ झोपेत दिवसभराचं शिकलेलं डोक्यात मुरतं, ती झोप अशा पोराला लागतच नाही. मग ते वर्गात पेंगतं, आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

आणि यातला अर्धा भाग श्रेणिक कॉलेजात दरवर्षी शिकवत होता. ज्यांचा खालचा जबडा आखूड असतो, त्या मुलांचा जबडा पट्टी लावून पुढे आणला की गळ्यातली वाट रुंदावते आणि घोरणारी पोरं शांत झोपायला लागतात. जुनं, सगळ्यांना ठाऊक असलेलं शास्त्र. पुढे आणला की वाट उघडते, तर मागे धरला की काय होईल? एखाद्या शाळकरी पोरानं विचारावा असा प्रश्न, पण त्यानं स्वतःला कधी विचारला नाही. संयमच्या चाचण्यांत गळ्याची मापं घेतली होती, नाही असं नाही. पण ती कशी? मूल एक्स-रेच्या यंत्रापुढे ताठ उभं, दातावर दात, डोळे उघडे. तसल्या मापात सगळ्यांचे गळे ठणठणीत आले. उभ्यानं कोण झोपतं?

तरीही मनात एक वेडी आशा होती. ऋजुता लहान आहे, तिला भास होत असेल. माणूस स्वतःला वाचवायला काय काय धरून ठेवतो!

रविवारी भरतेशकडे जेवणं झाल्यावर त्यानं समताला म्हटलं, “पट्ट्या बसवून जरा पड बघू. मला काहीतरी बघायचंय.”

“आता दुपारचंपण?” वहिनी म्हणाली. “अहो, तशीच ती कुठंही झोपते.”

समता दिवाणावर पडली आणि पडताक्षणी झोपली. श्रेणिक स्टूल ओढून शेजारी बसला. पंख्याखाली तिचा श्वास आधी नीट चालला. मग त्याला घरघर लागली. मग आवाज थांबला. छाती वरखाली होत होती, पण नाकापुढे धरलेल्या त्याच्या बोटाला काहीच लागत नव्हतं. नकळत श्रेणिकनंही श्वास धरला. त्याच्या कानात ठोके वाजायला लागले, छाती फुटायला आली, आणि त्यानं श्वास सोडला. तिनं अजून घेतला नव्हता.

तेवढ्यात तिचा जबडा हलला. गालाचे स्नायू ताठ झाले, खालचा जबडा थरथरत पुढे यायला लागला. बुडणारा माणूस तोंड पाण्याबाहेर काढतो तसं तिचं शरीर जीभ गळ्यातून ओढून काढत होतं. पट्ट्यांमध्ये बारीकशी टिक वाजली, आणि चुंबकांनी जबडा परत मागे नेला.

ज्याला तो हट्ट म्हणत होता, तो हा होता. तीन वर्षं ही पोर झोपेत श्वासासाठी धडपडत होती, आणि जितकी धडपडत होती तितकी त्याची शाबासकी मिळवलेली करामत तिला घट्ट आवळत होती. त्यानं तिच्या तोंडात बोटं घालून दोन्ही पट्ट्या उपसून काढल्या. समता दचकून उठून बसली आणि डोळे फाडून म्हणाली, “नाही सर, जागी आहे मी. ऐकतेय.”

श्रेणिक तिथंच रडला. काका रडतो हे त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत ताटं उचलली गेल्यावर, त्यानं सगळ्यांना बसवून सांगितलं. काही राखून ठेवलं नाही, शालीचंही सांगितलं. भरतेशचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. “तू डॉक्टर ना रे?” तो म्हणाला. “माझ्या पोरीला मी विश्वासानं तुझ्या हातात दिली. परक्याकडे दिली असती तर चार प्रश्न तरी विचारले असते.” वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली, आणि तिकडून भांड्यांचा आवाज येईना तेव्हा सगळ्यांना कळलं की ती नुसती उभी आहे.

समता सगळं ऐकून घेत होती. तिला समजायला वेळ लागायचाच. मग तिनं विचारलं, “म्हणजे मी मठ्ठ नाही?”

“नाही, बाळ. तुला झोप मिळाली नाही. मी मिळू दिली नाही.”

“मग आता?”

“आता उलट करायचं. जबडा पुढे धरणारी साधी पट्टी देतो, जुन्या पद्धतीची. त्यानं आजपासून श्वास मोकळा होईल. आणि तुझी थोडी वाढ शिल्लक आहे, तेवढी जबड्याला करू द्यायची. मुलींची वाढ लवकर थांबते, त्यामुळे थांबायला वेळ नाही.”

“म्हणजे हनुवटी परत येणार. ऋजूसारखी.”

“थँक्यू हं,” ऋजुता म्हणाली. पण कुणी हसलं नाही.

समता उठून उभी राहिली. “मला नाही करायचं. सगळे म्हणतात दिसायला छान, म्हणजे निदान काहीतरी छान आहे. तेपण काढून घ्यायचं? मला एवढंच तर येतं, काका!”

एवढंच तर येतं. श्रेणिकला ते इतकं लागलं, की भरतेशनं मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं. स्वतःच्या शाळेतला राक्षस त्यानं या पोरीच्या तोंडावर बसून मारला होता, आणि आता ती त्यालाच सांगत होती की माझ्याजवळ दुसरं काही नाही. तिला जबरदस्ती करायचा हक्क आपल्याला आता राहिलेला नाही, हे त्याला कळत होतं. आणि नाही केली तर रोजची रात्र तिच्या जिवावर उठत होती, हेही कळत होतं.

“एक कर,” तो शेवटी म्हणाला. “संयम ठेव बाजूला. पुढे धरणारी पट्टी लावून एक आठवडा नुसती झोप. तेवढ्यानं हनुवटी काही तसूभरही हलत नाही. आठवड्यानंतर तू म्हणशील ते. परत कुणी तुला विचारणार नाही, तुझा बापसुद्धा नाही.”

भरतेश काही म्हणणार होता. ऋजुतानं त्याचा हात धरला.

आठवडा पुरा व्हायची वाट बघावी लागली नाही. एका सकाळी वहिनीचा फोन आला, तिला धड बोलता येईना. “भावजी, ती आपली आपण उठली. मी हाक मारायच्या आधी. चहा ठेवत होती, नि म्हणाली, आई, आपल्या अंगणात इतके पक्षी कधीपासून आहेत?” त्या दिवशी दुपारी समता दवाखान्यात आली आणि खुर्चीत चढून बसली. “येऊ दे हनुवटी,” ती म्हणाली. पण ती हसली नाही. श्रेणिकनं तिच्या तोंडाची मापं घेतली, आणि घेताना प्रथमच तिच्या डोळ्यांत बघितलं. ते डोळे त्याच्यावर रोखलेले होते.

ऋजुता हैदराबादला गेली. जाताना बहिणीला म्हणाली, “आता मलाही झोपू दे गं बाई.”

श्रेणिकनं कंपनीला सगळं कळवलं होतं. त्यांचा माणूस फोनवर अगदी गोड बोलला. “सर, तुम्ही वेळेवर लक्षात आणून दिलंत. आम्ही तपासलं, तुमचं बरोबर आहे. एका रात्रीत सगळ्या यंत्रांची ओढ इथूनच काढून टाकतो. चुंबक उलटे फिरवून पुढे धरायची सोयही करता येईल. पालकांना सांगू, सुधारित आवृत्ती आली. कोर्टकचेऱ्या नकोत, घबराट नको. मुलं बरी होणार, मग बाकीच्या गोष्टींचा गाजावाजा कशाला?”

खोटं कशाला बोला, श्रेणिकचा जीव भांड्यात पडला. मुलं बरी होणार, नाव राहणार, दवाखाना राहणार. त्यानं स्वतःला समजावलं की मुलांचं भलं महत्त्वाचं. ओढ काढली गेली, आणि काही आठवडे तो बऱ्यापैकी झोपलासुद्धा.

पावसाळा सरत आला तोवर समता वेगळीच पोर झाली होती. शाळा सुटली की सायकलवरून दवाखान्यात यायची, तपासून घ्यायची आणि प्रश्न विचारायची. हनुवटी थोडी पुढे आली होती, आणि शाळेतल्या दोघीतिघींनी ते तिला ऐकवलंही होतं. एकदा तपासणी झाल्यावर ती खुर्चीतून उतरलीच नाही.

“बाकीच्या मुलांचं काय केलंस, काका?”

त्यानं सांगितलं. ओढ काढली, आता सगळी बरी होतील.

“त्यांना सांगितलं का, काय झालं होतं?”

“सांगून काय होणार? बरी होतायत ना.”

“बरी होतील,” समता म्हणाली. “आणि त्यांना वाटणार, आपण आधी खरंच आळशी होतो, आता सुधारलो. आईबापांना वाटणार, ओरडल्याचा गुण आला. मला तू सांगितलंस म्हणून कळलं. त्यांना कोण सांगणार?”

श्रेणिकनं हातातला छोटा आरसा ट्रेमध्ये ठेवला.

“मला अजून तुझा फार राग आहे,” ती पुढे म्हणाली. “आधी रागवायलासुद्धा त्राण नसायचं. आता आहे. तू चुकून केलंस ते मी कधीतरी सोडून देईन. हे तू मुद्दाम करतोयस.”

ती दप्तर उचलून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. घरी गेली नाही.

श्रेणिकनं फोन हातात घेतला. बोलायचं म्हणजे सगळं जाणार हे उघड होतं. कंपनी दावा लावील, पेपरात नाव येईल, ज्या सभांत टाळ्या वाजल्या त्याच सभांत लोक माना वळवतील. आणि ज्यांना सांगायचं त्यांना तोंड द्यायचं. त्याला शाळेतल्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. दाराच्या काचेतून समताची पाठ दिसत होती. शेवटी त्यानं पहिला नंबर लावला.

तासगावच्या कोळेकरबाई होत्या. त्यांचा आवाज खुशीत होता. “बोला की डॉक्टर! आमच्या सौरीशची हनुवटी एकदम झकास बसलीय. पावणेरावळे विचारतात, कुठं करून आणली म्हणून.”

“बाई, जरा बसून घ्या,” श्रेणिक म्हणाला. “मला तुम्हाला एक सांगायचंय.”

मग त्यानं सांगितलं. घरी सांगितलं तसंच, साध्या शब्दांत, स्वतःचं नाव घेऊन. झोप, श्वास, वर्गातल्या डुलक्या, विसरभोळेपणा. यात सौरीशचा काही दोष नव्हता, आणि ओढ काढली तरी जबडा अजून मागेच असल्यानं, पुढे धरणारी पट्टी लागेपर्यंत तो थकलेला राहील, हेही सांगितलं.

“काल मारलं हो मी त्याला,” बाई म्हणाल्या. आवाज पार बदलला होता. “पट्टीनं मारलं. शाळेतून झोपल्याचा निरोप आला म्हणून. हातावर वळ आहेत अजून.”

“चूक तुमची नाही, बाई. माझी आहे.”

“ते मला नका सांगू,” त्या एकदम ओरडल्या. “मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा. थांबा तिथंच, ठेवू नका फोन. उठवते मी त्याला.”

पावलांचा आवाज लांब गेला. कुठेतरी दार वाजलं, बाईंचा दबका आवाज आला, काहीतरी कुजबुज झाली. श्रेणिक दोन्ही हातांनी फोन कानाशी धरून उभा होता. मग जवळ कुणाचा तरी श्वास ऐकू आला, आणि झोपेनं जड झालेल्या, घाबरलेल्या आवाजात ते पोर म्हणालं, “हॅलो. मी काय केलं?”

“तू काही केलं नाहीस, बाळा,” श्रेणिक म्हणाला. “मी केलं.”